बिल्ला खिडकीतून द्यावा

ती. भाऊजी,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी पाच अंगे जमिनीला लागली, उरलेल्या तिघांचा कमरेशी वाद चालू आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? लेकाच्या इमारतीत लिफ्ट आहे, तेव्हा त्याला आराम असेल. ताई फोनवर म्हणाली, की लिफ्ट थांबली की तुम्ही प्रत्येक मजल्यावर डोकं बाहेर काढून कोणी मागे राहिलं का ते बघता आणि शेजारी वैतागतात. होईल त्यांना सवय. आम्हाला एकतीस वर्षांत झालीच की.

इकडे सर्व क्षेम आहे, फक्त तुम्ही गेल्यापासून आपली गाडी तसूभरही हललेली नाही. शनिवारी तुम्ही निवृत्त होऊन संध्याकाळच्या बसने गेलात आणि रविवारी सकाळी नवा ड्रायव्हर (तुमचाच शिष्य, त्यामुळे मिशीसकट तुमच्यासारखा) इंजिनात चढून खिडकीतून माझ्यापुढे हात पसरून उभा राहिला. मीही त्याच्यापुढे हात पसरून उभा. दोन याचक समोरासमोर, दाता कोणीच नाही. बिल्ला त्याच्याकडे नव्हता आणि माझ्याकडेही नव्हता. परवान्यातलं कलम तुम्हाला तोंडपाठ आहे: सलग दहा दिवस गाडी धावली नाही, तर लाइन कायमची बंद. आज सहावा दिवस.

रूळ एकच, म्हणून तो तळहाताएवढा पितळी बिल्ला हाती आल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही, हा लाइनच्या मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी घालून दिलेला नियम. मी विनयाने सुचवून पाहिलं, की नऊ किलोमीटरच्या लाइनवर एक इंजिन आणि दोन डबे. आपली गाडी एकमेवाद्वितीय आहे. समोरून येणार कोण? मालकीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कोणी येणार नाही, हे लेखी आहे का?" अद्वैताचा इतका झटपट पराभव मी विद्यार्थिदशेतही पाहिला नव्हता. मग सुताराकडून लाकडी बिल्ला करवून, सोनेरी रंग देऊन पुढे केला. त्यांनी तो हातावर तोलला आणि पेपरवेट म्हणून ठेवून घेतला. (रंग ओला होता. परवान्याच्या पहिल्या पानावर आता एक सोनेरी सूर्य उगवला आहे आणि त्याबद्दल माझ्याशी अजून कोणी बोललेलं नाही.)

शोधात मी कसूर केली नाही. तिकिटांचं कपाट, वाळूच्या बादल्या, फलाटावरच्या घड्याळाचं पोट, सगळं धुंडाळलं. घड्याळात माझा दोन वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा निघाला. तो लावून सगळं पुन्हा धुंडाळलं. प्रवाशांचं म्हणाल, तर नर्सबाई सरळ पायी जातात आणि जाताना माझ्याकडे असं बघतात, की मला ताप असल्यासारखं वाटतं. शिंपी मात्र रोज आठ-दहाच्या गाडीला येऊन आपल्या खिडकीत बसतो, अर्धा तास उभ्या गाडीत बटणं लावतो, मग उतरून सायकलवर टांग टाकतो. "अहो, गाडी बंद आहे ना?" म्हटलं, तर म्हणाला, "मास्तर, गाडी आज ना उद्या सुरू होईल. जागा गेली की गेली!" काल तर वर मलाच विचारलं, आज पोचायला उशीर का झाला म्हणून.

आता त्या शनिवारकडे वळतो. तुम्ही शिट्टी दिलीत, झेंडे दिलेत, किल्ल्या दिल्यात. एकेका वस्तूची सही झाली. बिल्ल्याला सही कधीच नव्हती. गाडी आली, की तुम्ही तो खिडकीतून द्यायचा आणि म्हणायचं, "सांभाळ रे." मी घ्यायचा आणि म्हणायचं, "मिळाला." एवढाच विधी, मंत्रही दोनच. पण त्या दिवशी तुमच्या डोळ्यांत इंजिनाचा धूर गेला होता (इंजिन बंद होतं, पण असो) आणि मी छपरावरच्या कबुतरांची मोजणी हाती घेतली होती. कबुतरं सतरा होती. दोघांपैकी कोणीच काही म्हणालं नाही.

असो. ताईला नमस्कार. तुमच्या प्रकृतीस जपा.

तुमचा मेहुणा
(मास्तर)

ता. क. — ताई म्हणाली, तुम्ही रोज सकाळी आठला नोकरीतला काळा कोट चढवून गच्चीत बसता आणि उजवा हात खिशातून काढत नाही. चहासुद्धा डाव्या हाताने. त्या खिशात एकदा बघा. हे फोनवर विचारलं असतं, पण फोन ती उचलते, आणि एकतीस वर्षं निष्कलंक राहिलेला माणूस बायकोदेखत पकडला जाऊ नये एवढी मेव्हणेगिरी मला कळते.

ता. क. २ — पोस्टाने पाठवू नका. आपल्या गावचं टपाल आपल्याच गाडीने येतं. (हे पत्र शिंपी आजच सायकलवरून पलीकडच्या पोस्टात टाकणार आहे, म्हणजे उद्या तुमच्या हाती पडेल.) स्वतः या. बस थांबते तिथून शिंपी तुम्हाला कॅरिअरवर बसवून आणेल. गुडघ्यासाठी त्याने उशी शिवली आहे.

ता. क. ३ — खरं लिहितो. काल मालकीणबाईंनी टेबलाचा खण उघडला. आत दुसरा बिल्ला होता, सासऱ्यांच्या वेळचा, कोरा. "पहिल्या दिवसापासून इथेच आहे," म्हणाल्या. "नवव्या दिवशी काढू. तोवर माणूस येतो का बघू." तेव्हा लाइन बंद पडत नाही, आणि तुमचा बिल्ला तुम्ही खुशाल ठेवून घ्या, त्यांची परवानगी आहे. पण सोमवारी नववा दिवस. आठ-दहाच्या आत या, इंजिनात चढा आणि एकदा तो खिडकीतून माझ्या हातात द्या. मी लगेच परत करीन. माझं एक "मिळाला" म्हणायचं राहिलं आहे.