सौदामिनी अजून खिडकीतच

४ डिसेंबर १९५६, पहाटे ५
आज कादंबरीस प्रारंभ. मुंबईच्या एका मासिकाची स्पर्धा आहे, मुदत ३१ मार्च. रोज चार पानं, म्हणजे फेब्रुवारीअखेर साडेतीनशे होतात. मार्च फक्त शुद्धलेखनाला. पहिलं वाक्य उतरलं: 'सौदामिनी खिडकीत उभी होती.' दमदार आहे. केसरला वाचून दाखवलं. बायकोच ती, विचारते काय, तर सौदामिनी बघत्येय काय? म्हटलं, पुढे कळेल. मलाही पुढेच कळणार आहे, पण ते तिला सांगण्याचं कारण नाही.

११ डिसेंबर
टूरिंग टॉकीजवाला शिवदास कचेरीत आला होता. किनाऱ्यावर सुरूच्या बनापाशी त्याचा तंबू लागलाय. यंदा सगळे अमेरिकन सिनेमे. भाड्याने स्वस्त मिळाले म्हणे. पण श्रीवर्धनात इंग्रजी कळणार कुणाला? तेव्हा पडद्याशेजारी बसून, कर्णा तोंडाला लावून मराठीत समजावून सांगणारा माणूस हवा. साऱ्या कचेरीने माझ्याकडे बोट दाखवलं. मॅट्रिकला इंग्रजीसाठी मी दोनदा बसलो आहे, म्हणजे अभ्यास इतरांच्या दुप्पट. कादंबरीच्या हितासाठी होकार दिला. अमेरिकन लोक प्लॉट कसा रचतात ते जवळून पाहता येईल.
पानं: पाऊण.

१२ डिसेंबर
पहिला खेळ. घोडेवाल्यांचा सिनेमा. अमेरिकन माणसं ओठ न हलवता नाकातून बोलतात. 'येस', 'नो' आणि 'कम ऑन' स्वच्छ कळलं, बाकीचं तर्काने. इंटरव्हलच्या आत अडचण आली. जीवना बंदरावरची मासळीवाली आवडाबाई पुढेच वाळूत बसली होती. तिने मोठ्याने विचारलं, ह्यो सारखा घोडा घेऊन निघालाय कुटं, याला घरी आय बी न्हाय का? तंबू माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, आहे, आजारी आहे. त्याचं नाव विचारलं. हिरामण असं सांगितलं, दुसरं सुचलं नाही. शेवटी तो एकटाच डोंगराकडे गेला, तेव्हा म्हटलं, आईकडे निघालाय, पण उशीर झालाय. बायकांचे पदर डोळ्यांना.
नोंद: अमेरिकन प्लॉट फार विरळ असतो. पुष्कळसं आपणच घालावं लागतं.
घसा बसला. लेखन नाही.

१३ डिसेंबर
तोच सिनेमा. तेच तेच सांगणं माझ्यासारख्याला रुचत नाही, म्हणून आज हिरामण मुलगी बघायला निघालाय असं सांगितलं. गलका झाला. आवडाबाई उभी राहून विचारते, काल आय मरनाला टेकलेली, न् आज याला लगीन सुचतंय व्हय? शिवदास येऊन कानाशी म्हणाला, मास्तर, कालचंच सांगा. (मी मास्तर नाही.) कालचं मला निम्मं आठवेना. शेवटी ती वाळूतून एकेक वाक्य सांगे आणि मी ते कर्ण्यातून. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना सगळं लक्षात ठेवावं लागतं, त्याचा हा त्रास.

२ जानेवारी १९५७
नवं वर्ष, नवी शिस्त. आजवरची पानं: सव्वा. सौदामिनी खिडकीत. केसर म्हणाली, महिना झाला, पाय दुखत असतील तिचे, एखादं स्टूल द्या. दिलं. एक वाक्य वाढलं.

२० जानेवारी
वैताग. बाजारात कुणी कादंबरीचं विचारत नाही. हिरामणच्या आईला औषध लागू पडलं का, एवढंच. दिवेआगरहून लोक बैलगाड्या जोडून तंबूत येतात. कचेरीत हेडक्लार्कने फाइलच्या निमित्ताने बोलावलं आणि परवाच्या सिनेमातल्या टोपीवाल्याने बहिणीला फसवलं का, ते विचारलं. त्या सिनेमात बहीण नव्हतीच. मीच घातली होती. असल्या थिल्लर गोष्टींत माझी प्रतिभा झिजते आहे.

३ फेब्रुवारी
रिझाइन केलं. शिवदासला स्पष्ट सांगितलं, एक तर तंबू, नाहीतर वाङ्मय. तो पाय धरील असं वाटलं होतं. 'बरं' म्हणाला. धक्का त्याने चेहऱ्यावर दिसू दिला नाही, एवढंच. माझ्यावाचून दोन दिवसांत तंबू गुंडाळेल.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
टेबलाशी बसलोय. वारा किनाऱ्याकडून आहे, तंबूतलं सगळं ऐकू येतं. आत्ता शांतता आहे. अपेक्षेप्रमाणे.
७.२० – सगळा तंबू एकदम हसला. बहुधा रीळ तुटलं.
७.४५ – पुन्हा तुटलं.

११ फेब्रुवारी
कळलं. माझ्या खुर्चीवर आवडाबाई बसते. माझा कर्णाही तिच्याकडेच. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही बाईला, 'येस-नो'सुद्धा नाही. ही लोकांची शुद्ध फसवणूक आहे. केसर तीनदा जाऊन आली, रडून डोळे लाल करून. काय झालं म्हणून मी विचारत नाही.

१२ फेब्रुवारी
विचारलं. म्हणाली, मला नाही सांगता यायचं, ते तिच्याच तोंडून ऐकायला हवं.

३० मार्च
लेखन पोस्टात टाकलं. पानं अडीच. साडेतीनशेचा हट्ट बालिश होता. आशय महत्त्वाचा. परीक्षक जाणकार असतील तर त्यांना अडीच पानांतच कळेल.

१९ एप्रिल
परत आलं. सोबत एक ओळ: 'नायिका खिडकीतून काय पाहते, एवढे कळवावे.'
दिवसभर जेवण गेलं नाही. फार वाईट वाटलं. केसरने काही विचारलं नाही, त्याने जास्तच वाटलं.

२१ एप्रिल
मोसमातला शेवटचा खेळ. केसर मला ओढून घेऊन गेली. तिकीट काढून, वाळूत. तोच घोडेवाल्यांचा सिनेमा. आवडाबाई कर्णा न लावताच बोलते, गरजच नाही. सुरुवातीलाच म्हणाली, हिरामणची आय खिडकीत हुबी हाय. पाय दुखत्यात, पन बसत न्हाय. बसली तर वाट दिसायची न्हाय.
मी पडद्यावर खिडकी शोधली. नुसते डोंगर होते. मग केसरकडे पाहिलं. ती समोर बघत राहिली, म्हणजे हिनेच सांगितलं असणार. उठून सांगावंसं वाटलं की बाई, ती खिडकी माझी आहे, साडेचार महिने मी तिथे आहे. पण मध्ये बोललो असतो तर पुढचं बुडालं असतं. आणि मला ऐकायचं होतं, तो पोचतो का ते.
माझ्या वेळी त्याला उशीर झाला होता. तिच्या गोष्टीत पोचला. आईने खिडकीतूनच ओळखलं, घोड्याच्या चालीवरून. केसरला पदर होता, मी बाहीने भागवलं.
घरी येऊन वही उघडली. सौदामिनीच्या स्टुलाचं वाक्य खोडलं. उद्या पहाटे पाचला उठायचं नाही, असं ठरवलं आहे. हा संकल्प बहुधा पाळता येईल.