थंड सिमेंटचा दाह

१२ मे २००१, सायंकाळी सात
स्लॅब पूर्ण. सापगावातले आमचे घर आता खऱ्या अर्थाने पक्के.
अकरा वाजता कोपऱ्यात नारळ फोडला. त्यानंतर स्लॅबवर पादत्राण नको, असे मी सर्वांस सांगितले. पूजा झालेली जागा देवस्थानासमान. देवस्थानात पादत्राण वर्ज्य. निष्कर्ष उघड आहे. गवंडी कोंडू म्हणाला, सर, सिमेंटचा माल पाय खातो, माल पसरणाऱ्या बुधूला तरी गमबूट राहू द्या, तो दिवसभर मालातच उभा असणार. ‘खातो’ हे रूपक असून रूपकावर अनुमान उभे राहत नाही, हे मी त्यास समजावून दिले. छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवल्याचा हा उपयोग. कोंडूने विडी पेटवली. बुधूने निमूट बूट काढले. युक्तिवादाला मान देणारा माणूस.

त्याच दिवशी, आठ
नोंद राहिली. जाताना बुधूने पाय धुण्यास पाणी मागितले. पाण्याची पिंपे सहा, ती सहाही उद्यापासून स्लॅबवर मारण्यासाठी. टँकर मंगळवारी. एक तांब्या दिला. दोन पायांस एक तांब्या पुरतो.

१३ मे
बुधू आला नाही. त्याची बायको भिमी एकटीच आली. तीही काल घमेली वाहत होती. म्हणाली, त्याच्या पायाची आग होते, रातभर निजला नाय. मी विचार केला. दाहास उष्णता लागते. ओला माल थंड असतो. काल मी स्वतः बोट लावून पाहिले. शिवाय मालात उभा असताना त्यास वेदना नव्हती. कारण हजर असताना कार्य नाही, आणि कारण दूर झाल्यावर कार्य, हे असंभव. म्हणजे या चिखल्या. भातशेती करणाऱ्याला नव्या नाहीत. हे सर्व भिमीस सांगितले.
ती म्हणाली, “मंग तुमी रावा ना गुरुजी एक दिस उभं.”
अशिक्षितांचा प्रतिवाद नेहमी व्यक्तीवर घसरतो. तरी राग न धरता सौ.कडून हळद-चुना कालवून दिला.
स्लॅबला तीन वेळा पाणी.

१५ मे
कन्या नम्रता आली. कल्याणला परिचारिका आहे. बुधूचे ऐकून चहा न घेताच कोंडूबरोबर त्याच्याकडे गेली. परत आल्यावरही चहा घेतला नाही.
तिचे म्हणणे: सिमेंट उष्णतेने जाळत नाही, क्षाराने जाळते. सुरुवातीला दुखत नाही, म्हणूनच माणूस तासन्‌तास उभा राहतो. पाय त्याच वेळी वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धरायचे होते आणि त्याच संध्याकाळी डॉक्टर गाठायचा होता. वर काहीही लावायचे नव्हते. चुना तर नाहीच, कारण सिमेंटचा दोष तोच चुन्याचा.
मी म्हणालो, मे महिन्यात, शहापूर तालुक्यात, वीस मिनिटे वाहते पाणी हे गृहीतकच असिद्ध आहे.
तिने विचारले, “पिंपं किती भरलेली होती, बाबा?”
प्रश्न विषयांतराचा होता.
बुधूला जीपने दवाखान्यात नेले.

१९ मे
संकल्प. ओल्या काँक्रीटपासून मजुरांच्या रक्षणासाठी पुस्तिका लिहीन. बुधूच्या प्रकरणाशी संबंध नाही. विषय सार्वत्रिक आहे. नम्रताने पाकिटाच्या पाठीवर मसुदा करून दिला: भोक नसलेले गमबूट, हातमोजे. मालात गुडघे टेकू नका. बुटात माल शिरला तर बूट लगेच काढा, पाय धुवा. भिजलेले कपडे बदला. हात-पाय धुण्याचे पाणी काम सुरू होण्यापूर्वी वेगळे काढून ठेवा.
मसुद्यात एकही व्याख्या नाही. अशा लेखनास शास्त्र म्हणत नाहीत. मी ‘दाह’ या संज्ञेपासून आरंभ केला आहे.

२४ मे
चार पाने झाली. व्याख्या अद्याप अपुरी.
कोंडू आला. बुधूला ठाण्याला हलवले आहे. कातडी खोलवर काळी पडली होती. मांडीची कातडी काढून बसवणार. डाव्या पायाची दोन बोटे राखता आली नाहीत. मी विचारले, बूट काढण्याविषयी कोणी काही बोलते का? कोंडू वर पाहून म्हणाला, स्लॅब चांगला बसलाय, सर.
माझी बाजू लिहून ठेवतो. एक, बूट जुनेच होते, माल शिरलाच असता. दोन, बुधू नकार देण्यास स्वतंत्र होता. दुसरा मुद्दा नम्रतास वाचून दाखवला. ती म्हणाली, गुरुजींना नाय कोण म्हणणार? हे विधान आहे, प्रमाण नव्हे.

२ जून
पुस्तिका तूर्त स्थगित. डोळ्यांवर ताण. माझ्या बाजूचे मुद्दे मात्र सात झाले.

१७ जून
बुधू घरी आला आहे असे कळले. मुरबाड रस्त्याला जीपने उतरून अर्धा तास चाललो. सातही मुद्दे पाठ होते.
तो दारात बसला होता. पाय गोणपाटावर, वर फडके. मला पाहून उठू लागला. मी बस म्हणालो. भिमी म्हणाली, भाताच्या आवणीला चिखलात उतरायचं नाय असं डाक्तरनं सांगलंय, औंदा सगळी आवणी मलाच उरकाया लागंल. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही.
मी पहिला मुद्दा काढणार, तोच बुधू हळूच म्हणाला, “गुरुजी, दवाखान्यात इचारलं, बूट का नव्हतं पायात. मी सांगलं, उकडत होतं, मीच काढलं. तुमचं नाव नाय घेतलं.”
सातही मुद्दे आरोपाला उत्तर म्हणून रचलेले होते. आरोपच नव्हता. त्यापलीकडे काही बोलण्याची तयारी मी केली नव्हती.
पाय दाखव, म्हणालो. त्याने फडके आणखी ओढून घेतले. “नका बघू, गुरुजी. वास येतो.”
मी बरे म्हणालो.
भिमी रस्त्यापर्यंत आली. जीप आली, भरलेली नव्हती. मी चढलो नाही. भिमी बुटांविषयी काही विचारील असे वाटले. दुसरी जीप आली, तीही जाऊ दिली. तिने काही विचारले नाही.
तिसरीत बसलो.