सीमाचा केशरी उजेड

३ फेब्रुवारी
आले बाई एकदाची लालबागच्या टॉवरमध्ये! समोरची इमारत इतकी खेटून, की भर दुपारीही दिवा लागतो. पण दिवे काय आहेत! उन्मेषने माझ्या फोनवर ॲप टाकून दिलं. घरात असलं की फोन वायफायवरून सरळ दिव्यांशी बोलतो, बाहेर असलं की इंटरनेटवरून. तो शिवडीच्या ऑफिसातून हॉलचा दिवा लुकलुकवतो, म्हणजे आठवण आली. मी लाजून चूर. लग्नाला आठवडाच झालाय, चालायचंच.

६ फेब्रुवारी
ॲपमध्ये घरातल्या माणसांची नावं आहेत. उन्मेष, सीमा आणि मग मी, दर्शना. सीमा म्हणजे त्याची पहिली बायको, तापाने गेली. मी दुसरेपणावर आलेय हे ठाऊक होतं, पण यादीतसुद्धा ती माझ्या वर? तिन्हीसांजेला सगळे दिवे मंद, केशरी होतात. तिला तसे आवडायचे म्हणे. मला पांढरे आवडतात. मी पांढरे करते, ते पुन्हा केशरी होतात. मत्सर वाटतो, झालं. लिहायला कसली लाज?

११ फेब्रुवारी
सासूबाई गिरगावहून आल्या. सवतीची सोन्याची पुतळी घेऊन! गेलेलीचा मान म्हणून दुसरीने ती गळ्यात घालायची. "घाल गो, तिका बरा वाटतला," म्हणाल्या. माझ्या मंगळसूत्राशेजारी ती? मी हसून नको म्हटलं. त्या गेल्यावर ॲपमधून सीमाचं नावही काढून टाकलं. इतकं हलकं वाटलं, की शिरा केला.

१३ फेब्रुवारी
नाव परत आलंय. उन्मेषनेच घातलं असणार. विचारलं तर माझी शपथ घेतो. खोटारडा! ऑफिसात बसून माझ्या स्वयंपाकघरात तिचा उजेड पाडतो. अंगाची नुसती लाही लाही झाली.

१४ फेब्रुवारी
तो गेल्यावर बाहेरून येणारी इंटरनेटची वायरच उपटली. वायफाय चालू ठेवलं. आता कर म्हटलं शिवडीतून काय करायचं ते!

दुपारी सगळे दिवे केशरी झाले.

म्हणजे बाहेरून नाही. घरातूनच कुणीतरी — पण घरात तर मी एकटी.

१५ फेब्रुवारी
ॲप उघडलं.
सीमा — घरात.
दर्शना — बाहेर.
मी स्वयंपाकघरात उभी आहे. बटण दाबते. एकही दिवा माझं ऐकत नाही.

१६ फेब्रुवारी
सासूबाईंना फोन केला. पुतळी आणा, घालते म्हटलं. त्या विचारत राहिल्या, कोण बोलतंय —
ॲपमध्ये आता दोनच नावं. माझं नाही.

संध्याकाळ
उन्मेष आला. मी दारातच. तो माझ्यापलीकडे, आत बघत होता. हसत होता. असा माझ्याकडे बघून कधीच हसला नाही — कधीच नाही. सीमा, किती छान उजेड पडलाय गं, म्हणाला. आतून कुणीतरी चहा टाकते म्हणालं. मी त्याची बाही धरली. तो शहारला. वारा येतोय म्हणाला, आणि दार लोटायला — उन्मेष, थांब ना, मी अजून —