शिंपीकाकांचा पत्ता

१२ मार्च

ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, छोटीला गोड पापा. इकडे बरं चाललंय. नळ अजून आलेला नाही. येणार येणार म्हणून तीन वर्षांपूर्वी खणलेला खड्डा तेवढा आहे, परवा त्यात शेजारच्या आजोबांचा पाय मुरगळला. तुझ्याकडे येणाऱ्या रस्त्यावरचं सरहद्दीचं फाटक आज उघडलं, म्हणून ट्रकवाल्या मामांच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर मला बोलवलं नसतं.

आईला न्यायला दवाखान्याची गाडी उशिरा आली, त्या ड्रायव्हरला मी सोडणार नाही, असं तू म्हणालीस. लिहिलेली तक्रार पाठवू नकोस गं. फाडून टाक.

नाल्याच्या अलीकडे आपल्या खोल्यांना नंबर नाहीत, म्हणून दवाखान्याचं कार्ड मिळत नव्हतं. तेव्हा आईने पलीकडच्या शिंपीकाकांच्या हातापाया पडून त्यांचा पत्ता लावला. मग अख्ख्या गल्लीने तोच लावला. कागदावर त्या एवढ्याशा दुकानात चाळीस घरं राहतात! आईने आपल्याकडून तो कसा घोकून घेतला होता, आठवतं? पाढा चुकला तर चालायचं, पत्ता चुकला की पाठीत धपाटा.

त्या सोमवारी भर दुपारी तिला धाप लागली. मी गाडीसाठी फोन लावला. तिकडच्या बाईंनी विचारलं, "पेशंटला कुठून न्यायचंय?" आणि मी घडाघडा शिंपीकाकांचा पत्ता सांगितला. खरा पत्ता सांगितला तर कार्ड जाईल, ही भीतीसुद्धा तेव्हा मनात नव्हती. विचारच केला नाही मी, मेलीने. आपली वीज सकाळपासून गेलेली, तेवढं बोलून फोन बंद पडला.

गाडी दहा मिनिटांत आली होती, ताई. शिंपीकाकांच्या दुकानाशेजारच्या न्हाव्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. दुकान बंद होतं. ड्रायव्हरने शटर बडवलं, चार जणांना विचारलं, अर्धा तास थांबला आणि गेला. उशिरा आली हे मी तुला खोटं सांगितलं.

आणि मी इकडे आईला मांडीवर घेऊन म्हणत होते, येईल, आत्ता येईल. तिने कसंबसं विचारलं, "पत्ता नीट सांगितलास ना?"

मी म्हटलं, हो.

"शहाणी माझी ती," म्हणाली. त्यानंतर बोलली नाही.

मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण चार ओळी लिही. गप्प राहू नकोस.

तुझीच,
धाकटी