शेवटचे वीस किलोमीटर

नूपुर,

गाडी चोरीला गेलेली नाही, मी नेलीय. थर्मासात चहा आहे, कुबड्या उशाशी ठेवल्यात. पाय खाली टेकायचा नाही.

गेले तीन आठवडे पहाटे मी देवळात जात नव्हते. बेहाल्याच्या पुढे, वस्ती संपते तिथल्या मोकळ्या रस्त्यावर ही गाडी फिरवत होते. नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर सबुरीने काढायचे, इंजिन दामटायचं नाही, हे तूच सांगितलंस. तुझ्या पायाचं प्लास्टर निघेपर्यंत ती नुसती उभी का राहावी? आणि हळू चालवण्यात तुझ्या सासूचा हात कोण धरणार!

"सुनेला कशाला हवी शर्यतीची गाडी?" असं मी बोलले होते. बोलायला नको होतं.

नऊशे ऐंशीवर थांबणार आहे. शेवटचे वीस तुझे. मी शेजारी बसेन, पण "हळू" म्हणणार नाही.

— आई