रेफरीची आई

२८ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता बोलतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही.

आम्ही जाणार. विमानाची तिकिटं आली, यांनी बेकरी धाकट्या दिरांवर सोपवली, थोरल्याने रजा टाकली. मी जिथे कवळ्या बनवते त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनाही मी सांगून टाकलं, की ज्यांच्या कवळ्या अर्धवट राहिल्यात त्यांनी आठवडाभर पातळ खावं. त्या हसल्या. तूही हसून घे, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

परदेश, दोन परक्या देशांचा फुटबॉलचा सामना, तोही पुरुषांचा, आणि मधोमध शिट्टी घेऊन आपली बारकी! घरात सगळ्यांत उंच झाली तरी अजून बारकीच. स्टँडमध्ये तिचे परीक्षक बसणार आहेत. पास झाली तर मोठ्या सामन्यांच्या यादीत नाव, नाही तर तिच्या वयाला पुन्हा सहसा कोणी बोलावत नाही. आणि तू तिच्याकडून काय वचन घेतलंयस तेही मला कळलंय. जमलं नाही तर शिट्टी ठेवायची आणि परत येऊन शाळेत कवायत शिकवायची. असलं वचन मागताना तुझी जीभ कशी रेटली रे?

तिने आम्हालाही अट घातली आहे. हात हलवायचा नाही, हाक मारायची नाही, शेजारच्याला आपण कोण ते सांगायचं नाही. मैदानावर रेफरीला घरचं माणूस नसतं म्हणे. मी कबूल केलंय. हे म्हणाले की तू गप्प बसणार असशील तर सामन्यापेक्षा तेच बघायला यायला हवं.

तिकडे त्या दिवशी वादळ सांगितलंय. तू वाचलं असशीलच. तरी आम्ही जाणार.

राग हवा तेवढा कर, माया तेवढी राहू दे.

तुझी,
ठकी


३ ऑक्टोबर

चि. सौ. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सलूनमध्ये, गिऱ्हाईक खुर्चीत बसवून वाचलं. कोणी गेलं का, असं त्याने दोनदा विचारलं. माझं तोंडच तसं झालं असणार.

वचन मी घेतलं आणि पुन्हा घेईन. सामन्यात कुणी फेकलेली बाटली लागून तिच्या भुवईला टाके पडले त्या दिवशी तू कुणाची तरी कवळी घासत बसली होतीस. तिला गाडीत घालून दवाखान्यात मी नेलं. माझा शर्ट रक्ताने भिजला होता आणि ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होती, की मामा, तो ऑफसाइडच होता ना. ऑफसाइड कशाला म्हणतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हटलं.

शिकलीसवरली पोर हजारो लोकांच्या शिव्या खायला जाते, आणि तुम्ही तिकीट काढून त्या ऐकायला जाता. धन्य आहात. जिंकणारे तिचं नाव घेत नाहीत आणि हरणारे दुसरं काही घेत नाहीत. असल्या कामात काय ठेवलंय, ते मला एकदा कोणीतरी समजावून सांगा.

जाताय तर जा. मेहुण्यांना कानटोपी घाल, त्यांना वारा सोसत नाही. थोरल्याला म्हणावं कुणाच्या अंगावर जाऊ नकोस. सामना मी दुकानातल्या टीव्हीवर लावणार आहे. मला बघायचा नाहीये, गिऱ्हाइकं मागे लागली आहेत म्हणून.

रागावलेला, तरी तुझाच,
दादा


१३ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं खरं झालं. आधी एवढं लिहून मोकळी होते. बारकी शिट्टी ठेवते म्हणतेय.

सामना तू पाहिलास. टीव्हीवर जे दिसलं नसेल ते सांगते. वारा असा, की छत्री उघडली की उलटी. दारातच सगळ्यांना यजमान संघाच्या रंगाचे प्लास्टिकचे रेनकोट वाटत होते. आम्ही आपले घातले आणि नेमके त्यांच्याच पाठीराख्यांत जाऊन बसलो. शेजारी तोंड रंगवलेला एक आडदांड बाप्या होता, रंग ओघळून दाढीत उतरलेला. त्याने थर्मासमधली कॉफी आम्हाला पाजली आणि यांच्या गळ्यात हात टाकून गाणी म्हटली. एक शब्द कळत नव्हता, तरी हेही म्हणत होते. मी तोंडाला कुलूप घालून बसले होते.

बारकी काय धावत होती रे! सगळे चिखलात लोळत होते, ही एकदा म्हणून घसरली नाही. यजमान एका गोलने मागे, वेळ संपत आलेली, आणि हिने त्यांना पेनल्टी दिली. बाप्याने यांना उचलूनच घेतलं. बॉल जागेवर ठेवला, मारणारा पोरगा चार पावलं मागे गेला, आणि समोरच्या स्टँडमागे लख्खकन वीज. पाठोपाठ गडगडाट, माझं बाकडं हललं. बारकीने शिट्टी मारली, बॉल उचलून बगलेत घेतला आणि सगळ्यांना आत चला म्हणून खूण केली.

मग जो कालवा उठला! कप, बाटल्या, एकाने तर पायातला बूट काढून फेकला. बाप्या तिच्या आईचा उद्धार करायला लागला. थोरल्याला ती भाषा येते. त्याचा चेहरा पांढरा पडला, त्यावरून मला कळलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी बाकड्यावर चढले. यांनी मला रेनकोट धरून ओढलं, तो टर्रकन फाटला. मी छातीवर हात मारला, तिच्याकडे बोट केलं आणि सांगितलं, की तिची आई मी आहे, काय बोलायचं ते माझ्या तोंडावर बोला, आणि पोरांना विजेखाली उभं करायला निघालात, तुमची अक्कल कुठे चरायला गेलीय. सगळं आपल्या भाषेत. थोरल्याने भाषांतराला साफ नकार दिला. त्याची गरजही पडली नाही.  बाप्याने थर्मासमधली उरलेली कॉफी माझ्या हातात दिली आणि खाली बसला. बाकीचे ओरडत राहिले आणि मीही सामना सुरू होईपर्यंत उभीच राहिले.

वीज कुठेच पडली नाही. ढग सरकले, सगळे परत आले, तोच पोरगा, तीच पेनल्टी, आणि बॉल गोलावरून कुठच्या कुठे. हरले. आज पेपरात बारकीचा फोटो हा एवढा मोठा. त्यांच्या संघाने तक्रार केलीय. परीक्षक तिच्याशी अवाक्षर न बोलता निघून गेले.

खोलीवर येऊन ती चिखलाच्या बुटांसकट पलंगावर बसली. आधी मी अट मोडली म्हणून माझ्यावर तोंड टाकलं. टाकू दे, मी बोलले ते बोलले. मग भिंतीकडे बघत म्हणाली, की मामाचं बरोबर होतं, परत येते. दादा, तू जिंकलास. पण तिचा पराभव मला मान्य नाही आणि तुझा विजय तर मुळीच नाही.

भांडले तरी दुसरं कुणाला लिहू?

ठकी


२२ ऑक्टोबर

चि. सौ. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

आता माझं ऐक. त्या दिवशी दुकान खच्चून भरलं होतं. खुर्चीत आपला समोरचा औषधवाला, इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस. बारकीने बॉल उचलला आणि हा बोलला, की बायकांच्या हाती शिट्टी दिली की असंच होणार, ढग वाजला की घाबरून घरात.

मी वस्तरा खाली ठेवला, त्याच्या गळ्यातला टॉवेल काढला आणि त्याला उठायला सांगितलं. त्याला थट्टा वाटली. मी दार उघडून धरलं. अर्धी बाजू राहिलीय म्हणाला. मी म्हटलं, ती घाबरणाऱ्या बायकांना विचारून घरी कर. तसाच गेला, भर रस्त्यातून, फेसासकट. मग मी दुकानात सगळ्यांना सांगितलं, की ही माझी भाची आहे. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती असं समजू नकोस. भीती वाटत होती गं मला. नंतर टीव्हीवर जाहिरातीच जाहिराती, पण केस कापून द्या म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

ठकी, ते सगळे खेळाडू तिच्या अंगावर धावून आले होते. ओरडत होते, हात नाचवत होते. ही पाऊलभरही मागे सरली नाही. एवढ्या मोठ्या मैदानात डोकं ठिकाणावर असलेली तेवढी एकटी. इतकी वर्षं मला तिची फुटलेली भुवईच दिसत होती. त्या दिवशी अख्खी बारकी दिसली.

तेव्हा वचन मी घेतलं होतं, मीच परत करतो. तिला सांग, हरून यायचं असेल तर माझं दार बंद आहे. दमून यायचं असेल तर उघडं आहे. यावं, आठवडाभर झोपावं आणि परत जावं. आणि मी जिंकलो, असं पुन्हा लिहिलंस तर पत्र न फोडता परत पाठवीन.

त्या वाऱ्यात मेहुण्यांना सर्दी झालीच असणार, कशी आहे ते कळव.

दादा


४ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मी घरी आले, पण तुझं पत्र आईने माझ्या हातात दिलंच नाही. स्वतःच वाचून दाखवलं, तुझा आवाज काढून. बाबा हसून हसून खोकत होते.

चौकशी झाली. मोठ्या टेबलापलीकडे चार-पाच जण. म्हणाले, वीज लांब होती, पेनल्टी होऊ देऊन मग थांबवायला हवं होतं. निर्णय घाईचा झाला एवढं लिहून दे, यादीत तुझं नाव आम्ही घालतो. मी त्यांना विचारलं, तो पेनल्टी मारणारा मुलगा कुणाचा, ते माहीत आहे का. त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, मलाही नाही, पण त्याचीही आई तिथेच कुठेतरी भिजत बसली असेल.

काही लिहून दिलं नाही. यादीत नाव आलं नाही. पुढच्या वर्षी अर्ज करणार, नाही घेतलं तर त्याच्या पुढच्या वर्षी.

मामा, दमले होते मी, एवढंच. तुझ्याकडे झोपायला येते, पण जरा उशिराने. रविवारी इथे शाळेच्या मैदानावर लहान मुलींचा सामना आहे. त्यांना रेफरी मिळत नव्हता, मी येते म्हटलंय. पाऊस सांगितलाय. वीज चमकली तर पुन्हा थांबवणार.

तुझी भाची,
बारकी