एहसानची बायॉस फाइल होल्डवर

४ फेब्रुवारी, मंगळवार
ठरलं. लॅपटॉपवर सॉफ्टवेअरने जुना गेम कन्सोल उभा करायचा. निघोजे गावातल्या खोलीवर मी आणि एहसान आठ वर्षं राहिलो. दर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, दिवसभर फायटिंग गेम. आता त्याची होसूरला बदली झालीय, २१ला निघतोय. त्याआधी एक गुरुवार इथे पुनावळ्याच्या फ्लॅटवर. मला एकटं वगैरे वाटत नाही. प्रोजेक्ट निव्वळ टेक्निकल आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार
बायॉस लागते, म्हणजे मशीन सुरू करणारी मूळ फाइल. एहसानने स्वतःच्या, नव्या टीव्हीला न जुळणाऱ्या कन्सोलमधून काढून कँटीनमध्ये पेनड्राइव्हवर दिली. म्हणाला, घे राव, चालू कर, उद्या येतो. चालू कर म्हणे! अकरा वर्षं इनकमिंग इन्स्पेक्शनला आहे. न तपासलेला माल मी लाइनवर सोडत नाही, घरात सोडीन?

६ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी १०
प्रत्येक फाइलचा बत्तीस अक्षरी चेकसम, म्हणजे ओळखीचा आकडा, निघतो. तो नेटवरच्या यादीशी तंतोतंत जुळला पाहिजे. जुळला नाही. रिजेक्ट. एहसानला फोन केला, येऊ नको. तो गाडीवर निघाला होता, फरीदाभाभीने शामी कबाब दिले होते. पुढच्या गुरुवारी, म्हटलं.
दुपारी मॅगी.

१० फेब्रुवारी, सोमवार
त्याला फाइल पुन्हा काढायला लावली. पुन्हा तोच चुकीचा आकडा. म्हणजे याचा कन्सोलच डिफेक्टिव्ह. तो म्हणाला, घरच्या मशीनमधली आहे भावा, चोरीची थोडीच आहे? चालवून तर बघ. मी रीतसर रिजेक्शन रिपोर्ट बनवून व्हॉट्सॲपवर पाठवला. निळ्या टिका आल्या. तेवढंच. पॅकिंगमध्ये बिझी असेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
एहसानचा फोन नाही. मीही केला नाही. आधी माल ओके, मग पाहुणे. पट्टी लावून एकेक अक्षर तीनदा तपासलं. घरमालकीण शालनबाई भाडेकराराची झेरॉक्स द्यायला आल्या. दोन खुर्च्या टीव्हीसमोर बघून म्हणाल्या, आज बी कुनी आलं न्हाई व्हय? म्हटलं, इन्स्पेक्शन चालू आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार
एहसान न सांगता आला, भाभीला घेऊन, निरोप घ्यायला. म्हणाला, एक फाइट लाव राव, एकच. म्हटलं, माल होल्डवर आहे, नियम म्हणजे नियम. त्याने उचललेला कंट्रोलर परत ठेवला. मग म्हणाला, बरं. चहा अर्धा ठेवून गेले.
माझं बरोबरच होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार
यादीत जपान आणि युरोप एकाखाली एक आहेत. मी जपानची ओळ बघत होतो. एहसानचा कन्सोल युरोपचा. म्हणजे चुकीच्या ड्रॉइंगवर चांगला पार्ट रिजेक्ट. त्याची फाइल पहिल्या दिवसापासून ओके होती. यादीवाल्यांनी ओळींत जरा अंतर ठेवायला काय झालं होतं?
एहसानला कळवलं, फाइल ओके. त्याने अंगठा पाठवला.
संध्याकाळी गेम लावला. पहिल्या फटक्यात सुरू. टू प्लेअर मोड. दुसरा प्लेअर जागेवर उभा, मार खात. पाच फाइट जिंकलो. सहाव्या वेळी हातच उचलवेना. फार एकटं वाटलं. कंट्रोलर खाली ठेवला. स्क्रीनवर दोघं समोरासमोर उभे राहिले, वेळ संपेपर्यंत.
निकाल: ड्रॉ.